भिंगरीच्या गाडीचे टायर

मंगळवार, सकाळी, कचेरीला निघण्यापूर्वी

ती. ताई,

बसल्या खुर्चीतून वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार. (पुरता वाकलो नाही यात अनादर नाही. भावोजींच्या त्या लाल गाडीत गेल्या पंधरवड्यात इतक्या वेळा बसलो-उठलो, आणि ती गाडी इतकी बुटकी, की तिच्यातून माणूस उतरत नाही, विहिरीतून वर येतो. मी वर आलोय. कंबर अजून यायची आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना एका दमात चढतेस, की अजून मधल्या पायरीवर थांबून शेजारणीच्या कुंड्या बघण्याचं नाटक करतेस? भावोजींची पाठ आणि भावोजींचा स्वभाव, यांपैकी जे काही सुधारलं असेल ते कळव. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल, फक्त आधी स्वतः शेवटपर्यंत वाच. शेवटपर्यंत म्हणजे अगदी ता. क. संपेपर्यंत. मी हे उगाच लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "काय रे, चार टायर घ्यायला महिना लागतो?" आणि मी "सविस्तर लिहितो" म्हणून फोन ठेवला. खरं म्हणजे महिना नाही, पाच आठवडे लागले. आणि त्या पाच आठवड्यांत माझा जीव असा टांगणीला लागला होता की मी वजन केलं तर अडीच किलो कमी भरलं. (ही म्हणते, मी काट्यावर एकच पाय ठेवला होता. हिचं मनावर घेऊ नकोस.)

भावोजींनी बावन्नाव्या वर्षी ही गाडी घेतली तेव्हाच मला ती पसंत नव्हती, पण मेहुण्याने बोलायचं नसतं म्हणून बोललो नाही. एवढीशी गाडी, पण ऐट अशी की जणू आत्ताच शर्यत जिंकून घाम पुसत आलीय. मागे दोन नळकांडी, टपावर पंख, पोट जमिनीला टेकलेलं, आणि चाकं मात्र तिच्यापेक्षा थोरल्या भावाची घालून आल्यासारखी. भावोजींनी ती नऊ वर्षांत चालवली कमी आणि पुसली जास्त. मग त्यांच्या पाठीने संप केला, आणि आमची भिंगरी गुरांची डॉक्टर झाली त्याच आठवड्यात तुम्ही दोघांनी ती गाडी तिला देऊन टाकलीत. त्या वेळी फोनवर "अरे वा!" असं जे ऐकू आलं तो मी. त्यानंतर खळ्ळकन जे ऐकू आलं तो पेला.

त्यातून तिला नोकरी लागली ती डोंगरापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात. इथून एकशे नव्वद किलोमीटर. कामही दवाखान्यात बसून नाही, तर या गोठ्यातून त्या गोठ्यात फिरायचं, रस्ता असेल तर रस्त्याने, नसेल तर गाय असेल तिथून. रुजू व्हायची तारीख एकोणीस. म्हणजे एकोणीस तारखेच्या आत माझी मुलगी एकटी त्या शर्यतीच्या गाडीत बसून डोंगर ओलांडणार होती, आणि घरात याची काळजी वाटणारा मी एकटा होतो. भिंगरी गाणी निवडत होती. ही तिच्या उशा-चादरी बांधत होती. तेव्हा मी म्हटलं, कुणीतरी चाकांखाली वाकून बघायला हवं.

तू म्हणशील, तुझं कामच मुळी लिफ्ट तपासायचं, तुला चाकांचं काय कळतं? पण भीती तिथूनच येते ना. वीस वर्षं लोकांच्या लिफ्ट तपासून मला एक गोष्ट कळलीय, की माणसं ज्याच्यावर लटकलेली असतात ते सोडून बाकी सगळं बघतात. लिफ्टमध्ये आरसा आहे का, पंखा आहे का, बटणात दिवा लागतो का. वर दोराचे पदर सुटलेत हे कुणाच्या गावी नसतं. आणि लिफ्टचं तरी बरं, एक दोर गेला तर बाकीचे असतात, ते सगळे गेले तर खाली आपोआप आवळणारी पकड असते. गाडीला टायर चार असले तरी एक गेला की उरलेले तिघे हात झटकून मोकळे होतात.

तर विजेरी घेऊन वाकलो. बाहेरून टायर झकास. खाचा खोल, काळा रंग चकाकता (भावोजी त्याला काहीतरी चोपडायचे). मी समाधानाने उठणार, तेवढ्यात हात आतल्या बाजूला गेला, आणि ताई, तिथे खाचच नव्हती. गुळगुळीत! चाकं आतल्या अंगाला किंचित कललेली, त्यामुळे टायर आतून झिजत गेला आणि बाहेरून नवरदेवासारखा सजून उभा राहिला. चारही तसेच. वर टायरच्या अंगावर त्याची जन्मतारीख असते हे मला त्या दिवशी कळलं. चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते टायर भिंगरी दहावीत असतानाचे निघाले. (हा परिच्छेद भावोजींना वाचून दाखवताना आवाज जरा बारीक कर.)

मी वर येऊन ही बातमी सांगितली. भिंगरी म्हणाली, "मग बदलू या की, बाबा." एवढंच. जणू दिवा गेलाय, दुसरा लावायचाय.

मी तिला म्हटलं, तू लक्ष घालू नकोस, मी बघतो. इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. टायरवर लिहिलेलं असतं एकशे पंच्याण्णव, मग तिरकी रेघ, मग पंचेचाळीस, मग सतरा. वाटतं एकाच टायरची तीन मापं. पण पहिलं मिलिमीटरमध्ये, दुसरं पहिल्याचे शेकडा किती ते, आणि तिसरं इंचात! एकाच वाक्यात तीन भाषा बोलणाऱ्या माणसावर आपण विश्वास ठेवू का? त्यापुढे एक आकडा, तो प्रत्येक टायरने किती ओझं पेलायचं त्याचा. आणि शेवटी एक अक्षर. ते अक्षर कशाचं हे मी शोधून काढलं आणि संगणक बंद करून टाकला. ते वेगाचं. आपल्या भिंगरीच्या गाडीचं जे अक्षर आहे त्याचा अर्थ, हा टायर ताशी दोनशे सत्तर किलोमीटरपर्यंत टिकेल. दोनशे सत्तर! मला सांग, हे त्या टायरला ठाऊक असण्याची गरज काय? आपण मुलांपुढे काही गोष्टी बोलत नाही, तसंच टायरपुढेही बोलू नये.

मग मी तक्ता केला. आडव्या ओळींत अकरा जातींचे टायर आणि उभ्या रकान्यांत नऊ गुण: ओल्या रस्त्यावरची पकड, कोरड्या रस्त्यावरची पकड, टिकाऊपणा, आवाज, आराम वगैरे. तक्ता फ्रिजवर लावला. संगणकावर लोकांनी लिहिलेली मतं वाचून रोज गुण भरायचे असं ठरवलं. पण लोक काय लिहितात! एकाच टायरबद्दल एक म्हणतो, पावसात असा चिकटतो की गाडी रस्ता सोडत नाही. त्याच्याच खाली दुसरा म्हणतो, याच टायरमुळे मी शेजाऱ्याच्या कुंपणात गेलो. तिसऱ्याने लिहिलंय, "टायर उत्तम, अजून बसवले नाहीत." एका गृहस्थाने पाच तारे देऊन कळवलं होतं की बायकोला रंग आवडला. (ताई, सगळे टायर काळेच असतात.) गुण भरून मी खोडायचो, पुन्हा भरायचो. एके सकाळी बघतो तर तक्त्यात बारावी ओळ आली होती. हिच्या अक्षरात "साबण", आणि पुढे, ओल्या रस्त्यावरची पकड: शून्य. मी हसलो नाही. तक्त्याखाली मात्र कुणीतरी हसल्याचा आवाज आला, ती भिंगरी फ्रिजमधून दूध काढत होती.

कचेरीत माझ्या शेजारी एकजण बसतो, त्याला आम्ही शंभरटक्के म्हणतो. कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर शंभर टक्के याने सुरू होतं. मी त्याचा सल्ला घेतला हे माझं चुकलं, हात दाखवून अवलक्षण. तो म्हणाला, अशा गाडीला शंभर टक्के मऊ रबराचे टायर हवेत, शर्यतीतले लोक वापरतात ते, रस्त्याला गोंदासारखे चिकटतात. मला आनंद झाला. मी विचारलं, टिकतात किती? म्हणाला, शंभर टक्के एक वर्ष. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तक्ता! दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, नाही, विचार केला, शंभर टक्के कडक रबराचे घ्या, दहा वर्षं बघायला नको. मी विचारलं, पावसात ब्रेक लावला तर? तो म्हणाला, पावसात शंभर टक्के जाऊच नये.

अशात एकोणीस तारीख दहा दिवसांवर आली. तक्त्यात अकराच्या अकरा टायरांना सारखेच गुण पडले होते, कारण ज्याला कमी पडत त्याची मला दया यायची. भिंगरी रोज विचारायची, मी रोज म्हणायचो, अभ्यास चाललाय. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं चाललं होतं. खरं सांगू? त्या दिवसांत मला सारखी बाबांची जीप आठवत होती. तू तेव्हा बारा-तेरा वर्षांची असशील, मी आठ. मागचा टायर फुटला आणि जीप रस्ता सोडून शेतात जाऊन उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही. आपण दोघं तर खिदळत होतो, पुन्हा करा म्हणत होतो. बाबा "काही नाही झालं, काही नाही" म्हणत खाली उतरले आणि बांधावर जाऊन बसले. पाऊण तास बसले होते. आपल्याला वाटलं, दमले. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले होते, एवढंच मला दिसलं होतं. का ते या पाच आठवड्यांत कळलं. मी टायर निवडले की गाडी तयार होणार होती. आणि गाडी तयार झाली की ती जाणार होती. हे मी कुणाला बोललो नाही, तक्त्यातही त्याला रकाना नव्हता.

भिंगरीनेच अडलेलं घोडं पुढे काढलं. एका संध्याकाळी जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, तुमचं होऊ दे निवांत. मी बसने जाते." आणि भाजी वाढून घेतली. ताई, माझी पाचावर धारण बसली! बस! त्या बसला सहा टायर. सहांपैकी एकाचीही जन्मतारीख मला ठाऊक नाही. ड्रायव्हर कोण, त्याची झोप झालीय का, ब्रेक कुणी तपासले, काही कळायला मार्ग नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्या सकाळी टायर घ्यायचे. भिंगरीने हिच्याकडे बघितलं, हिने भिंगरीकडे बघितलं. त्यांचं आधी ठरलं होतं असा मला आता दाट संशय आहे.

दुसऱ्या दिवशी मी आणि भिंगरी गोदामांच्या गल्लीतल्या टायरवाल्या बाईंकडे गेलो. पन्नाशीच्या बाई, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, दंड असे की मी मनातल्या मनात आपले लपवले. दुकान म्हणजे तीन भिंती टायरांच्या आणि चौथी बाजू उघडी. रबराच्या वासाने डोकं जड होत होतं. मी खिशातून तक्ता काढून उलगडत होतो तोवर बाईंनी गाडीच्या चाकाआड हात घातला, आतून एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "ही चालवतं कोण?"

पाच आठवड्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ना शंभरटक्केने, ना संगणकावरच्या लोकांनी, ना मी. भिंगरी म्हणाली, "मी." मीही उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा हो जरा. चालवणार ती आहे." मी टायरांच्या चवडीवर बसलो. (ती चवड गोल असते आणि मध्ये भोक असतं हे बसल्यावर कळलं. पुढची पाच मिनिटं मी तिथून उठू शकलो नाही, त्यामुळे बोलणं त्या दोघींचंच झालं.)

बाईंनी विचारलं, रस्ते कसे? भिंगरी म्हणाली, डोंगर संपेपर्यंत बरे, पुढे खड्डे, त्यापुढे चिखल. गाडीत काय नेणार? म्हणाली, औषधांची पेटी, दोर, बूट, कधी अडल्या वेळी मागच्या सीटवर वासरू. बाईंनी त्या मोठ्या चकचकीत चाकांवर चापट मारली आणि म्हणाल्या, ही शोभेची. यांच्यावर टायर म्हणजे रिमला रबराची नुसती किनार. पहिल्या खड्ड्यात रिम वाकेल. एक इंच लहान रिम घे, त्यावर जाड टायर बसव, चाकाची उंची होती तेवढीच राहील. आणि चाकांचा कल काढून देते, म्हणजे आतून झिजणार नाहीत.

ताई, मी भिंगरीचं तोंड बघत होतो. तिला ती मोठी चाकं मनापासून आवडतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी समजत होतो की ती गाडी तुमची भेट म्हणून घेतेय. तिने त्या चाकावरून हात फिरवला, अगदी गाईच्या कपाळावरून फिरवावा तसा, आणि विचारलं, "वळणावर आता वळते तशी वळेल ना?" बाई म्हणाल्या, "थोडी आळसावेल. पण खड्ड्यात गेली तर बाहेर येईल." भिंगरी म्हणाली, "आणि भर पावसात समोर जनावर आलं तर लवकरात लवकर कुठला टायर थांबतो, तो द्या." झालं. तीन मिनिटांत काम झालं. जो टायर निवडला तो माझ्या अकरांत नव्हताच. मी बसल्या जागेवरून एकच प्रश्न विचारला, याच्यावरचं वेगाचं अक्षर कितीचं? म्हणाल्या, दोनशे दहाचं. मी म्हटलं, याहून कमी वेगाचा मिळेल का? बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ट्रॅक्टरचा आहे."

मग बाईंनी भिंगरीला चाक बदलायला शिकवलं. आधी नट सैल करायचे, मग जॅक लावायचा, नट समोरासमोरचे आवळायचे, एका रांगेत नाही. भिंगरीने अठरा मिनिटांत चाक काढून पुन्हा बसवलं. मी घड्याळ लावून बघत होतो. बाई म्हणाल्या, तुम्हीही एकदा करा. मला बावन्न मिनिटं लागली आणि शेवटी एक नट माझ्या हातात उरला. तो कुठला हे बाईंनी शोधून काढलं, आणि मग उरलेलेही सगळे पुन्हा आवळले.

निघताना त्यांनी बजावलं की नव्या टायरांचं अंग आधी गुळगुळीत असतं, पहिले दोनशे किलोमीटर बेताने चालवा, पकड मागाहून येते. हे ऐकल्यावर मी भिंगरीला त्या टायरांवर थेट डोंगरात पाठवणं शक्यच नव्हतं. सुदैवाने तिला प्रमाणपत्रं आणायला तीन दिवस कॉलेजच्या गावी जायचं होतं (आगगाडीने, तिला रूळ असतात). मी रजा टाकली आणि म्हटलं, तू ये परत, तोवर टायर मुरवून ठेवतो.

पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीभोवतीच्या मैदानाला ताशी पंचवीसच्या गतीने फेऱ्या घातल्या. चाळिसाव्या फेरीला टाकीचा राखणदार आडवा आला आणि त्याने गाडीचा नंबर वहीत उतरवून घेतला. काय चाललंय, म्हणाला. मी म्हटलं, टायर मुरवतोय. त्याने वहीत तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी धरणाच्या रस्त्याने गेलो. रस्ता सरळ आणि मोकळा आहे. हिला ऑफिस होतं म्हणून मी एकटाच होतो. गाडी चांगली चालली. याहून अधिक सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, तेव्हा घरीच होतो.

आणि परवा रविवारी सकाळी ती गेली. हवेचा दाब मी तीनदा मोजला. दर वेळी थोडा कमी भरायचा, मला वाटे कुठेतरी गळतंय. दर मोजणीला फुस्स करून थोडी हवा जाते हे चौथ्या वेळी लक्षात आलं. मग पंप आणून पुन्हा भरली. ही खिडकीतून बघत होती, तिने पडदा ओढून घेतला, हेही तिचे उपकारच. सामान भरलं, भिंगरी दोघांच्या पाया पडली, गाडीत बसली, गाडी सुरू केली. मी तिला सांगत होतो की वळणावर ब्रेक लावायचा नाही, वळणाआधी लावायचा. चढणीला पुढच्या गाडीमागे जागा ठेवायची. दर शंभर किलोमीटरला उतरून टायरला हात लावून बघायचा, तापलाय का. ती हं हं करत होती. मग म्हणाली, "बाबा, हात."

मला कळेना. बघितलं तर माझा हात तिच्या दारावर होता, खिडकीच्या आतून घट्ट धरलेला.

काढला.

गाडी कोपऱ्यावर वळली ती आळसावून वळली नाही, एवढं मात्र मी पाहिलं. त्यानंतरचे सहा तास कसे गेले ते लिहीत नाही. साधारण चार तासांचा रस्ता. चार झाले, पाच झाले, फोन लागेना. मी आमच्या इमारतीची लिफ्ट तपासली. रविवार होता, कुणी सांगितलं नव्हतं, तरी तपासली; शेजारच्या इमारतीचीही तपासली. सहाव्या तासाला फोन आला. आधी गाईचं हंबरणं ऐकू आलं, मग भिंगरीचं. गावात शिरतानाच कुणीतरी रस्त्यात हात करून थांबवलं, गाय अडली होती, भिंगरी सामानासकट तशीच चिखलातून गोठ्यापर्यंत गाडी घेऊन गेली. वासरू पायाकडून येत होतं म्हणे. दोन तास खपून काढलं. गाय उभी आहे, वासरू उभं आहे, आणि गाडी चिखलातून एका दमात बाहेर आली. नोकरी सोमवारपासून होती, पण तिने रविवारीच सुरू केली. मी विचारलं, टायर? ती म्हणाली, "बाबा, टायरना काय झालंय? माझा हात बघा, खांद्यापर्यंत सुजलाय." मग मी हातासाठी काळजी करायला लागलो. ती अजून चालू आहे.

तुम्ही दोघांनी तिला ती गाडी दिलीत याचा राग मी पाच आठवडे धरला होता. तो या पत्राने सोडला असं समज. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा भित्रा धाकटा

ता. क. भावोजींची ती मोठी चकचकीत चाकं आमच्या गच्चीत ठेवली आहेत. त्यांना दिवाणखान्यात मांडायची असतील तर कळव, पाठवतो.

ता. क. दुसरा, आणि हा वाचताना भावोजी खोलीत नकोत. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. तेव्हा या आठवड्यात किंवा पुढच्या, तुमच्या पेटीत एक लांबट सरकारी पाकीट पडेल, पुढे पारदर्शक खिडकी असलेलं. ते काहीही करून त्यांच्या आधी तू काढ. धरणाच्या रस्त्यावर मर्यादा पन्नासची आहे. ती पाटी झाडाआड आहे असं मी म्हणणार नाही. ती स्वच्छ दिसते. माझा वेग एक्क्याऐंशी होता. टायरची पकड खरंच मुरलीय का हे पाहण्यापुरता मी तो वाढवला, आणि मग ताई, कसं सांगू, कमी करायचं सुचलंच नाही. ती गाडी ऐकते गं! रस्त्याकडेच्या कॅमेऱ्याचा लख्खकन उजेड पडला तेव्हा मला वाटलं, टायर फुटला. थांबून चारही तपासले. पाकिटात फोटोही असतो म्हणे. दंड मी भरतो, पण भिंगरीला हे कळता कामा नये, आणि भावोजींना तर नाहीच नाही. तो फोटो फाडून टाक. या पत्रात मी एवढंच मागतोय.

ता. क. तिसरा. वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, ते मी वाचलं. तो फोटो फाडू नका, मला पाठवा. ह्यांनी लिहिलंय की एकटे होते. मी शेजारीच होते, आणि "आणखी थोडं" मीच म्हणाले होते. हे मोठ्याने गात होते. सव्वीस वर्षांत ह्यांचा हसतानाचा एकही फोटो घरात नाही, लग्नातल्या फोटोंतसुद्धा हे मांडवाचे खांब तपासताना दिसतात. तेवढा एक असू दे. फक्त त्यातली मी कात्रीने कापून काढा, कारण त्या दिवशी मी ऑफिसात कळवलं होतं की मला एकशे दोन ताप आहे.